पावण्याचं नाव

बापू मगदूम कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा आमच्या अपार्टमेंटच्या भिंती किती पातळ आहेत हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. ते फोनवर बोलायला लागले की समोरच्या क्लासमधली पोरं गणितं सोडून खिडकीत यायची. पहिल्याच आठवड्यात मी तावातावानं तक्रार घेऊन वर गेले. दार त्यांनीच उघडलं. रुंद खांदे, पोट जरा सुटलेलं, दोन्ही कान पैलवानांचे असतात तसे चुरगळून गेलेले. मी कोण ते मी सांगितलं आणि पुढं काही बोलणार, तोच त्यांनी बापाचं नाव, गाव, सगळं विचारून घेतलं आणि आत वळून आरोळी ठोकली, "अवो, च्या टाका! कागलच्या पोवार मास्तरांच्या थोरल्या कन्या, मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवनाऱ्या सरनाईकबाई आपल्या घरला आल्यात!"

माझ्या वडिलांचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतल्याला कितीतरी वर्षं झाली होती. तक्रार राहिली बाजूला. चहा पिऊन मी मुकाट खाली आले.

बापू शाळेत व्यायामशिक्षक होते, पण ती पोटासाठी केलेली नोकरी. त्यांचं खरं काम कुस्तीच्या मैदानात. आमच्या भागात गावोगावच्या यात्रांना कुस्त्या होतात आणि तिथं माईकवर एक निवेदक असतो. पैलवान आखाड्यात उतरला की तो कोण, कुठला, कुणाचा, हे लोकांना सांगायचं, आणि कुस्ती सुरू झाली की डाव सांगत राहायचं. बापू तीस-पस्तीस वर्षं हेच करत आले. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही. दोन धडधाकट माणसं एकमेकांची मान धरून का उभी राहतात, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते माझ्याकडं इतक्या किवेनं बघत राहिले की मी परत विचारलं नाही.

त्यांचा एक नेम होता. नाव अर्धं घ्यायचं नाही. आधी गाव, मग बापाचं नाव, मग वस्तादाचं, म्हणजे ज्यानं कुस्ती शिकवली त्याचं, मग तालमीचं, आणि सगळ्यात शेवटी पैलवानाचं. कुस्ती पाच रुपयांच्या नारळाची असो नाहीतर गदेची, यात बदल नाही. एका मैदानात म्हणे कुणी पुढारी आले म्हणून आयोजकांनी घाई केली, एक कुस्ती नाव न पुकारताच लागली आणि मिनिटभरात एक पोरगा चितपट झाला. बापूंनी माईकवरून पुढची कुस्ती थांबवली. हरून निघालेल्या त्या पोराला अर्ध्या वाटेतून मागं बोलावलं, आखाड्यात मधोमध उभं केलं आणि त्याचं गाव, बाप, वस्ताद, तालीम सगळं सांगितलं. पुढारी घड्याळ बघत बसले. "हरल्यालं पोरगं बी कुनाच्या तरी घरातनंच आल्यालं असतंय की," बापू मला म्हणाले. "नाव न्हाय घेतलं तर त्यो आलाच न्हाय म्हनायचं मग."

मैदान नसलं की ही खुमखुमी ते बिल्डिंगमध्ये भागवून घ्यायचे. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस त्यांच्या तोंडून जिन्यातच जाहीर व्हायचा. वॉचमनची मुलगी दहावी पास झाली तेव्हा त्यांनी गच्चीवर जाऊन ते साऱ्या गल्लीला सांगितलं. पोरगी लाजून दोन दिवस बाहेर पडली नाही आणि तिचा बाप महिनाभर ताठ मानेनं फिरला. त्यांच्या बायकोला, सुलावहिनींना, या आवाजाची इतकी सवय झालेली की ते गावाला गेले की त्यांना झोप लागायची नाही.

आता पावण्याबद्दल. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढं कळेलच.

इराणचे पैलवान कोल्हापूरकडच्या मैदानात येतात हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातलाच हा एक. दोन हंगाम तो बापूंच्या तालमीत राहिला. अनोळखी माणसाला आम्ही पावणं म्हणतोच, तसा तो पहिल्या दिवशी पावणा झाला आणि ओळख झाल्यावरही पावणाच राहिला. जेवायला बापूंच्या घरी यायचा. पहिल्यांदा तांबडा रस्सा प्यायला तेव्हा त्याचे डोळे वाहायला लागले. वहिनी घाबरून दही आणायला उठल्या, तर त्यानं वाटी पुढं केली आणि म्हणाला, "अजून." मराठी त्याला एवढंच यायचं, अजून आणि व्हय की. या दोन शब्दांवर त्यानं दोन हंगाम काढले. जिन्यात मी भेटले की वाकून, छातीवर हात ठेवून "व्हय की" म्हणायचा. मीही "व्हय की" म्हणायची. आमचं छान चाललं होतं.

तो आला तो गादीवरची कुस्ती शिकलेला. मातीला नमस्कार करणं, मांडीवर हात आपटून शड्डू ठोकणं हे त्याला बापूंनी शिकवलं. तालमीतच एकदा त्याचा उजवा खांदा निखळला. बरा झाला, पण तेव्हापासून त्याचा शड्डू जरा उशिरा यायचा. हात वर जायचा, क्षणभर अडायचा आणि मग मांडीवर पडायचा. लोक त्यालाही टाळ्या द्यायचे.

त्याच्या पहिल्याच यात्रेत तो आमच्याकडच्या नावाजलेल्या पैलवानाकडून हरला. कुस्ती संपल्यावर बापूंनी जिंकणाऱ्याबरोबर त्याचंही नाव पुकारलं. इराण देश, त्याचं गाव, त्याच्या बापाचं नाव, तिकडच्या वस्तादाचं, आणि वर आमच्या तालमीचं. पावणा तिथंच मातीत बसून रडायला लागला. लोकांना वाटलं हरला म्हणून. मग त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत बापूंना सांगितलं की बाकी काही कळलं नाही, पण बापाचं नाव कळलं. बाप मागच्याच वर्षी गेला होता. एवढ्या माणसांत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. ही गोष्ट सांगताना बापूंचा आवाज दर वेळी खाली यायचा, आणि त्यांचा आवाज खाली आलेला मी तोवर फक्त तेव्हाच ऐकला होता.

तो परत गेला. लग्न केलं, पोरगी झाली, फोटो यायचे. सणासुदीला बापू त्याला गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवायचे आणि तो उलट गुलाब पाठवायचा.

मग एका हिवाळ्यात इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले. सुरुवातीला बातम्यांच्या तळाशी एक ओळ धावायची तेवढंच. पुढं फोनवर व्हिडिओ यायला लागले. बापू सकाळी चहाचा कप हातात घेऊन खाली यायचे आणि म्हणायचे, "बाई, नकाशा काढा."

मी निवृत्त होताना शाळेनं जुना कापडी नकाशा मला देऊन टाकला होता. तो आम्ही गॅलरीत टांगला. ज्या गावातला व्हिडिओ येईल ते गाव मी शोधायचं आणि बापूंनी त्यावर वहिनींच्या पाकिटातली टिकली चिकटवायची. पावण्याच्या गावावर त्यांनी पहिल्याच दिवशी, कुठलीही बातमी नसताना, मोठी लाल टिकली लावली. वहिनींच्या टिकल्या संपत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कपाळाला काय तुमचा फोन लावू?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच नवीन पाकीट घेऊन आल्या.

टीव्हीवरची भांडणारी माणसं बापूंना आवडायची नाहीत. आवाज बंद करायचे. फोनवरच्या व्हिडिओंना मात्र त्यांच्या तोंडून आपोआप निवेदन सुरू व्हायचं. "आली, आली, उजव्या अंगानं पोरं आली, बाया फुडं हाईत, मागं हटंनात..." मला हसू यायचं. मग व्हिडिओत फटाक्यांसारखे आवाज व्हायचे, फोन धरणाऱ्याचा हात हलायचा, जमीन दिसायची, धावणारे पाय दिसायचे आणि व्हिडिओ संपायचा. बापू तोंड उघडं तसंच ठेवून बसायचे. एकदा म्हणाले, "जलमभर वरडलो, बाई. इथनं वरडून कुनाला ऐकू जानार?" माझ्याजवळ फक्त नकाशा होता.

त्यांनी पावण्याला विचारून पाहिलं, कसा आहेस. मेसेजवर एकच करडी खूण आली. तिकडचं नेट बंद केलंय असं कळलं. दुसरी खूण उमटायची वाट बघणं हा मग बापूंचा दिवसभराचा उद्योग झाला. बोलता बोलता खिशातून फोन काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. व्हिडिओंतल्या गर्दीत तोंडं शोधायचे. निम्म्या लोकांनी फडकी बांधलेली. मी म्हणायची, "बापू, एवढ्या मोठ्या देशात तुमचा एक माणूस कसा सापडेल?" ते म्हणायचे, "मैदानात लाख मानूस असू द्या, आपला पैलवान पाठमोरा बी वळखू येतोय."

आणि एका सकाळी ते अनवाणी धडधडत जिना उतरून आले. "बाई! गावला!"

व्हिडिओ अगदी छोटा होता. रुंद रस्ता, धूर, पलीकडच्या टोकाला ढाली घेतलेल्या पोलिसांची रांग. लोक मागं सरकताहेत. तेवढ्यात एक दणकट माणूस पुढं आला, तोंडावर फडकं, डोक्यावर टोपी. तो वाकला. डांबरी रस्त्यावर माती कुठली, पण त्यानं बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. मग उजवा हात वर नेला. हात क्षणभर अडला आणि मांडीवर पडला. मागच्या लोकांनी काहीतरी गर्जना केली, आणि मग नुसता धूर.

बापूंनी तो परत लावला. परत लावला. "हात बघा. हात बघा त्याचा. ह्यो आमच्या तालमीत निखळल्याला खांदा हाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडभर हसू होतं. जिवंत होता. एवढंच नाही, तर बापूंनी शिकवलेलं घेऊन तो तिथं उभा होता. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

बापूंनी पुढं जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसानंच करावं. त्यांनी त्या व्हिडिओवर आपलं निवेदन चढवलं. तालमीतल्या कुणीतरी ते फोनवर जोडून दिलं. मैदानातला तोच खणखणीत आवाज. इराण देश, गाव, बापाचं नाव, तिकडच्या वस्तादाचं नाव, कोल्हापूरची आमची तालीम, आणि शेवटी श्वास भरून घेऊन पैलवानाचं नाव, पूर्ण. काहीच गाळलं नाही. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या जिल्ह्यातल्या कुस्तीशौकिनांच्या फोनवर होतं.

दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल लागलं. आमच्याकडं कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी फलक लागतो, मग हे तर मोठंच निमित्त. एका बाजूला व्हिडिओतला फडकं बांधलेला माणूस, दुसऱ्या बाजूला लंगोटावर, खांद्यावर गदा घेतलेला पावणा, मध्ये ठळक अक्षरात संपूर्ण नाव आणि गाव, आणि खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांची रांग. त्या फलकाचा फोटोही फिरला. सांगली, कराड, बेळगाव, तिथून कुठल्या कुठं. लोक बापूंना रस्त्यात थांबवून हात मिळवायला लागले. वहिनींनी पेढे वाटले.

चार-सहा दिवस गेले असतील. बापू माझ्याकडं आले, फोन पुढं केला. "बाई, हितं कुनीतरी इंग्रजीत लिवलंय. कौतुकच असंल, पन वाचा की."

कागलच्या एका तरुणाचं कुस्तीचं पेज होतं, त्यावर बापूंच्या व्हिडिओखाली एका बाईनं लिहिलं होतं. ती त्याच देशाची, पण आता बाहेर कुठंतरी राहणारी असावी. मी आधी मनात वाचलं. "काय म्हनत्यात?" बापूंनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"त्यानं तोंड झाकलं होतं. तुम्ही का उघडलंत? ते लोक सगळं बघतात. हात जोडते, नाव काढा."

बापू माझ्याकडं बघत राहिले. मग जिन्याच्या पायरीवर बसले.

"मी तर नुस्तं नाव घेतलं, बाई," ते म्हणाले.

त्यांच्या साऱ्या आयुष्यात नाव घेण्याएवढी मानाची दुसरी गोष्ट नव्हती. कुणाचं नाव घेतल्यानं त्याच्या गळ्याला फास लागू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

ते उठले ते तडक चौकात गेले. स्वतः शिडीवर चढून, विळ्यानं दोऱ्या कापून फलक खाली घेतला. पोरं विचारत होती, "बापू, काय झालं? काय चुकलं काय?" फलक घडी घालून घरी आणला आणि वहिनींनी तो बंबात घातला. मग बापू दारोदार फिरले. ज्याच्या ज्याच्या फोनवर तो व्हिडिओ असेल त्याच्यापुढं उभं राहायचे, पुसा म्हणायचे. "व्हय की, पुसतो की," म्हणायचे लोक. काहींनी पुसला. एकजण म्हणाला, "बापू, नाव झालं की वो आपल्या तालमीचं, पुसताय कशाला?" बापूंनी त्याच्यापुढं हात जोडले. त्या हातांसमोर भले भले पैलवान वाकताना मी पाहिले होते.

कागलला आम्ही दोघं एसटीनं गेलो. पेजवाला पोरगा भला होता. त्यानं आमच्या देखत व्हिडिओ काढून टाकला, आम्हाला उसाचा रस पाजला आणि शेवटी चाचरत म्हणाला, "पन बापू, लोकांनी आधीच घेऊन ठेवल्याला हाय. त्याला मी तरी काय करनार?" परतीच्या वाटेवर बापूंनी खिडकीबाहेर तोंड केलं. आमच्या पुढच्या सीटवर कुणीतरी फोन बघत होता आणि त्यातून बापूंचाच आवाज येत होता. गाव, बाप, वस्ताद. वर कुणीतरी ढोल-ताशा चढवलेला. बापूंनी दोन्ही हातांनी आपले चुरगळलेले कान झाकून घेतले.

त्यानंतर ते उलटं बोलायला लागले. "त्यो नसंलच, बाई. शड्डू काय कोन बी ठोकतंय." मी म्हणायची, "हो ना." "आनि खांदा काय एकट्याचाच निखळतोय व्हय?" मी म्हणायची, "तेच तर." ज्या ओळखीवर त्यांनी साऱ्या जिल्ह्यासमोर छातीठोकपणे साक्ष दिली होती, तीच खोटी ठरावी म्हणून ते माझ्यासारख्या अडाणी बाईकडून हमी मागत होते. मी रोज हमी देत होते. आम्हा दोघांनाही तो हात दिसत होता.

तिकडं हळूहळू सगळं दडपलं गेलं. रस्ते मोकळे झाल्याच्या बातम्या आल्या. धरपकडीच्या आल्या. त्याहून वाईटही आल्या, पण त्यांत नावं थोडी असायची आणि पावण्याचं त्यांत कधी दिसलं नाही. नसणं चांगलं की वाईट, तेही कळेना. पुढं नेट सुरू झालं म्हणाले, तरी मेसेजवर खूण एकच. एके सकाळी बापू गॅलरीत आले आणि नखानं ती मोठी लाल टिकली नकाशावरून खरवडून काढली. "हितं बी नगं," म्हणाले. माझ्या गॅलरीत ते कोण बघणार होतं? तिचा चिकट डाग अजून त्या कापडावर आहे.

बापूंना मी माईकवर शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात, कुरुंदवाडजवळच्या एका यात्रेत. हे जायचंच नाही म्हणतात, तुम्ही चला म्हणजे येतील, असं वहिनी म्हणाल्या, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा कुस्तीच्या मैदानात गेले. भर दुपारचं ऊन, हलगीचा कडकडाट, धुरळा. बापू नेहमीसारखं पुकारत होते. लहान लहान पोरांची सुद्धा पूर्ण नावं. मला बरं वाटलं. माणूस सावरला, असं वाटलं.

मग मोठ्या कुस्तीचे पैलवान आत आले. एक आमच्याकडचा. दुसरा इराणचा, आधीपासून पंजाबात येऊन राहिलेला, वयानं लहान, गोरापान, हात वर करून मैदानाला फेरी मारणारा. आयोजकांनी बापूंच्या हातात चिठ्ठी दिली. बापूंनी आपल्या पैलवानाचं सगळं पुकारलं. मग चिठ्ठीकडं पाहिलं, त्या पोराकडं पाहिलं आणि म्हणाले, "आनि त्याच्यासमोर, लांबनं आल्यालं पावणं."

एवढंच.

लोक थांबले. पुढं काहीच येईना, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "नाव घ्या की बापू!" मग चारी बाजूंनी सुरू झालं, नाव, नाव. तो पोरगा हात तसाच वर धरून गोंधळून निवेदकाच्या व्यासपीठाकडं बघायला लागला. लोकांनी भरलेल्या मैदानात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

बापू म्हणाले, "पावणंच म्हना. त्यात काय कमी न्हाय." आणि त्यांनी माईकचं बटण बंद केलं.

मैदानाला ते काय वाटलं कोण जाणे, पण हलगी वाजली आणि लोकच "पावणं, पावणं" ओरडायला लागले. पोरगा हसला, वाकला, माती कपाळाला लावली. मी व्यासपीठाच्या खालीच उभी होते. बापू खुर्चीत बसलेले, बंद माईक मांडीवर, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या गलक्यात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण ते बराच वेळ हलत राहिले. एक गाव, एक बाप, तिकडचा वस्ताद, इकडची तालीम आणि शेवटी एक नाव, एवढं सगळं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा.